हिरवे कण

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी आणि वैशाली एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. ती रेल्वे कॉलनीतली, मला दादा म्हणायची. आम्ही तांब्याच्या एका मिश्र ऑक्साइडच्या काळ्या टिकल्या भट्टीत भाजायचो. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की ती टिकली विजेला जराही अडवत नाही — अतिवाहक होते. त्या अवस्थेतही तांब्याचं चुंबकत्व थोडं शिल्लक राहतं का, हे आम्ही मॅग्नेटिक रेझोनन्सने बघत होतो. राहत असेल, तर पडद्यावरच्या सरळ रेषेत उंचवटा येणार.

माझ्या टिकलीत तो आला. सरांनी पेढे वाटले. शोधनिबंध गेला — माझं नाव पहिलं.

वैशालीची रेषा मात्र सपाट. ती पुन्हा दळायची, पुन्हा भाजायची. पुन्हा सपाट. "तुझ्या हाताला हे काम नाही," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

त्याच आठवड्यात माझी टिकली हातातून पडून फुटली. आत हिरवे कण होते. नीट न भाजलेल्या मालात तयार होणारं ते वेगळंच संयुग, आणि तेच चुंबकीय. म्हणजे उंचवटा त्याचा होता. माल माझा कच्चा होता. तिचा शुद्ध होता, म्हणून तर रेषा सपाट — मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. मी काय केलं? तुकडे कागदात गुंडाळले आणि फेकून दिले.

संध्याकाळी ती विचारायला आली. "दादा, खरं सांगा ना मले. माह्यातच काही कमी आहे काय?"

मी म्हणालो, "करत राहा. जमेल."

नाही जमलं. जमणार कसं? तिने पीएचडी सोडली, सरकारी कचेरीत लागली. मी प्राध्यापक झालो.

मागच्या वर्षी तेलीबांधा तलावावर भेटली. सोबत तिची मुलगी, बारावीतली. वैशाली तिला म्हणाली, "हेच ते दादा. माह्या हातून जे झालं नाही, ते यायले जमलं." मुलगी हिंदीत नमस्ते म्हणाली, पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला.