यादीतला सातवा नंबर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझ्या वहीतही नाही. आणि वहीत नाही म्हणजे काय, हे मला ओळखणाऱ्यालाच कळेल. गॅसचं सिलिंडर कधी लावलं, पाण्याची टाकी कधी धुतली, कोणाच्या लग्नात कोणती साडी नेसले — सगळं माझ्या वहीत असतं. फक्त हे नाही.

तुम्हाला सांगते. पण जरा वळसा घेऊन सांगू दे. सरळ सांगायला लागले की मी दुसरंच काहीतरी आवरायला घेते — आत्ताच मसाल्याचा डबा पुसून आले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही एक जुनी निळी गाडी घेतली. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होते. गाडी मीच चालवायचे. सुधीरला क्लच आणि ब्रेक हा मतभेदाचा विषय वाटतो. आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची आणि चिटणीस मी. जिन्याखाली काचेच्या फळ्यात माझी यादी लावलेली असे — 'उपयोगी माणसे'. एक नंबर नळवाला, दोन नंबर वायरमन, असं करत सात नंबरला गाडी दुरुस्ती : भास्कर.

ही यादी म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. यादीत नाव असलं की चोवीस घरं डोळे मिटून त्या माणसाला बोलावत. सोसायटीत गाड्या नऊ, स्कूटर कितीतरी, आणि सगळ्या भास्करकडे. तो मूळचा सिन्नरकडचा, सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. त्याची एकच ऐट होती. म्हणायचा, "ताई, एकाच तक्रारीसाठी गाडी दुसऱ्यांदा आली, तर मी पाना खाली ठेवीन."

तिसऱ्या पावसाळ्यात आमची गाडी गळायला लागली.

आधी नुसता वास. सुधीर म्हणाला, माझे मोजे नाहीत. मग डाव्या बाजूच्या मॅटखाली पाणी. थोडंथोडकं नाही — ब्रेक लावला की पुढे येई, गाडी निघाली की मागे जाई. सुधीर पाय वर घेऊन मांडी घालून बसायचा आणि दर सिग्नलला जाहीर करायचा, "भरती... ओहोटी." सासूबाईंनी एकदा पायांना दुधाच्या पिशव्या बांधून प्रवास केला आणि नंतर रिक्षाच धरली. एका सोमवारी मॅटखाली पांढरी छत्री उगवलेली सापडली. सुधीर म्हणाला, "भाजीला पुरेल का?"

मी गप्प बसणारी आहे का? शोधमोहीम काढली. दारांच्या रबराला टाल्कम पावडर लावली, म्हणजे पाणी जिथून येईल तिथली धुतली जाईल. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. सुधीर वरून मगाने पाणी ओतायचा, मी आत टॉर्च घेऊन आडवी. दारं पास झाली. पाणी डॅशबोर्डच्या मागून, कुठून तरी वरून येत होतं. मी निष्कर्ष काढला : पुढच्या काचेचं रबर. वहीत लिहून पेनाने खाली दोन रेघा मारल्या.

भास्करने रबर बदललं. गळलं. काच काढून पुन्हा बसवली, कडेने सीलंट भरलं. गळलं. तिसऱ्यांदा तो दिवसभर बसला. संध्याकाळी म्हणाला, "ताई, रबराचा दोष नाय हा. पानी दुसरीकडून येतंय. मला चार दिवस गाडी द्या, पुढचं सगळं खोलून बघतो."

मी दिली नाही. चार दिवस गाडी कशी देणार? आणि दोष रबराचाच होता — मी दोन रेघा मारल्या होत्या ना!

सोसायटीच्या सभेत मी दोन पानी अहवाल वाचला. हो, अहवाल. तारीखवार. त्यात 'हलगर्जी' हा शब्द तीन वेळा होता आणि तीनही वेळा मी जरा थांबून वाचला. दुसऱ्या दिवशी फळ्याची काच उघडली आणि भास्करच्या नावावर पट्टीने रेघ मारली. पट्टीने — कारण वाकडी रेघ मला चालत नाही. नऊच्या नऊ गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाची होते. पण मी अजून मूळ गोष्टीला आलेच नाही.

पुढल्या वर्षी श्रावणात मी गाडी धूत होते. वायपरच्या खाली, काच आणि बॉनेटच्या मधे, एक जाळी असते, बारीक फटींची. त्या फटीतून एक रोप वर आलं होतं. चांगलं बोटभर, हिरवंगार, कातरलेल्या पानांचं. मी पान चुरगाळून वास घेतला.

झेंडू.

तो तिथे कोणी पेरला, हे मला त्याच क्षणी कळलं.

मखमलाबादची एक फुलवाली शुक्रवारी आमच्याकडे यायची. मी गाडीला दर शुक्रवारी हार घालायचे, बॉनेटवर हळदकुंकू, अक्षता. दसऱ्याला तर काय, अर्धी टोपली. पुढच्या शुक्रवारी जुना हार उतरवायचा. आता ते निर्माल्य टाकायचं कुठे? पायदळी येऊन चालत नाही. गंगेवर — आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात — रोज कोण जाणार? आणि मला पसारा खपत नाही. वायपरखाली त्या फटी होत्या — जणू कंपनीने त्यासाठीच ठेवलेल्या! मी पाकळ्या, अक्षता, दुर्वा बोटाने नीट आत सारायचे. वरून एक हात फिरवला की बॉनेट स्वच्छ. अडीच-तीन वर्षं. या युक्तीचं मला कौतुकही वाटत असे.

रोप ओढलं. त्याच्या मुळांबरोबर काळा, कुजका, ओलसर गोळा वर आला; त्यातले तांदूळ मला ओळखू आले. मग चमच्याने खरवडलं. अर्धी बादली निघालं. शेवटचा चमचा काढला आणि खालून घडघड आवाज झाला — मोरीचा बोळा निघाल्यावर होतो तसा — आणि साठलेलं पाणी पुढच्या चाकामागून भसाभस रस्त्यावर पडलं. तिथे पाणी जायचं भोक होतं; ते तुंबलं की पाणी डॅशबोर्डमागून आत. ते मी बुजवलं होतं. भक्तिभावाने.

त्यानंतर गाडी एकदाही गळली नाही.

मग मी काय करायला हवं होतं? काच उघडायची, नवीन कागद लावायचा, सात नंबरला भास्कर लिहायचं. पाच मिनिटांचं काम. पण लोक विचारणार — का? मग मी सांगणार काय? दोन पानी अहवालानंतर चोवीस घरांसमोर झेंडूचं रोप घेऊन उभी राहू? मी ते निर्माल्याच्या पिशवीत भरलं, गंगेवर सोडून आले आणि सुधीरला म्हणाले, ऊन पडलं, गाडी सुकली. त्याला पटलं. त्याला गाडीबाबत काहीही पटतं.

दर पाडव्याला मी यादी नव्याने टाइप करते. सात नंबर मोकळा ठेवला. दुसरा माणूस घालायला हात धजेना, आणि भास्करला परत घालायलाही. दोन वर्षांत भास्करची शेड बंद झाली, तो सिन्नरला गेला, असं कानावर आलं. नऊ गाड्या गेल्या म्हणून शेड थोडीच बंद पडते, असं म्हणता येतं. मी बराच काळ तसंच म्हणत होते.

नंतर एका लग्नाला सिन्नरला गेलो, त्याच गाडीने. कार्यालयाबाहेर कोणीतरी बॉनेटवर थाप मारली.

"ताई! तीच ना ही? गळती का अजून?"

भास्कर. केस पिकलेले, हसू तेच.

'नाही' म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. म्हणून मी म्हणाले, "गळते की! मेली ऐकतच नाही."

त्याचा चेहरा पडला. आणि मग — याचीच मला भीती वाटायला हवी होती — उजळला. "मंग रविवारी येतो मी. लय गाड्या पाहिल्या ताई, पन ही एक डोक्यातून जात नाय. बायको म्हनती, जेवताना बी रबर-रबर करता."

रविवारी तो एसटीने आला. पिशवीत अवजारं, खांद्यावर नव्या रबराचं वेटोळं. आणि मी? सकाळी उठून मॅटखाली एक तांब्या पाणी ओतलं होतं. कमी वाटलं म्हणून आणखी एक. सुधीरला म्हणाले, पुन्हा गळतेय; त्याला तेही पटलं.

सुधीरला पाइप धरायला लावून तो आत टॉर्च घेऊन आडवा झाला. अर्धा तास. वरून एक थेंब आला नाही. मग त्याने मॅट उचलली, पाण्यात बोट बुडवलं, बोट उजेडात धरलं.

"पावसाच्या पान्याला माती असती, गंज असतो," तो सावकाश म्हणाला. "हे टाकीचं हाय."

"टाकीचं?" सुधीर पाइप धरून म्हणाला. "गाडीला पाण्याची टाकी असते?"

मी वायपरकडे बघत होते. भास्करने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — एखादा स्क्रू बसत का नाही, हे पाहावं तसं.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "गळत नाय, बेस झालं. फक्त एवढं सांगा ताई, थांबलं कशानं?"

विचारलं होतं त्याने. समोर उभं राहून, साध्या शब्दांत.

"काय माहीत," मी म्हणाले. "आपोआप थांबलं असेल."

"आपोआप," तो म्हणाला.

त्याने चहा घेतला, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली. जाताना जिन्याखाली फळ्यासमोर थांबला. बोट काचेवरून खाली आणत सातवर नेलं.

"मोकळाच ठिवला व्हय?"

"हो," मी म्हणाले.

काचेची किल्ली माझ्या कमरेला होती, पेन पर्समध्ये. दोन्ही नेहमी असतात.

तो रबराचं वेटोळं खांद्यावर टाकून फाटकाबाहेर गेला, रस्ता ओलांडून थांब्यावर उभा राहिला. बस यायला बराच वेळ लागला. मी बाल्कनीतून पाहत होते.