सासूबाई बसतील तिथं बाक

त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण गावात सगळे त्याला भिंगरी म्हणत. सुतारकामात हात सोन्याचा, फक्त माणूस एका जागी ठरत नसे. चहा उभ्याउभ्या, जेवण उभ्याउभ्या. न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा तो असा टेकायचा, की जणू बाहेर त्याची गाडी सुटायला आलीय. त्याची बायको पोस्टात खिडकीवर कामाला होती. ती म्हणायची, "आमच्या घरात बसण्याचं खातं माझ्याकडं आहे. मी दोघांचं बसते."

असं का, ते मात्र त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं. तो तान्हा असतानाच त्याची आई गेली आणि तो काकांच्या घरी वाढला. तिथं कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. पण पोर जरा कुठं टेकलं की आतून आवाज यायचा, "बसलास काय रे?" आवाजात राग नसायचा, पण पोराला तो पुरायचा. मग बसायचंच नाही, असं त्यानं मनाशी धरलं, आणि पुढं ते अंगवळणी पडलं.

गावाच्या मागं जंगल होतं आणि जंगलात तळी. एक संपलं की झाडी, झाडी संपली की दुसरं. मधल्या ओहोळातून पाणी एका तळ्यातलं दुसऱ्या तळ्यात इतक्या सावकाश जायचं, की ते जातंय की थांबलंय हे वाळकं पान टाकून बघावं लागे. त्या वर्षी गावच्या समितीनं ठरवलं, की तळ्यांच्या काठानं सोप्या पायवाटा काढायच्या. डोंगरकडे चढणाऱ्यांसाठी नव्हे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ज्यांना बाबागाडी ढकलायची असते, ज्यांना कुठंही पोचायचं नसतं, अशांसाठी. चढ कापून झाले, ओल्या जागी फळ्या पडल्या. राहिली बाकं. ते काम भिंगरीकडं आलं.

"कुठं टाकायची?" त्यानं विचारलं.

समितीच्या बाई म्हणाल्या, "ते तुम्हीच बघा. माणूस जिथं दमेल तिथं."

आता आली का पंचाईत. भिंगरी दमतच नसे. खांद्यावर खुणेच्या खुंट्या आणि हातात हातोडा घेऊन तो सगळी वाट फिरून आला आणि एकही खुंटी न ठोकता परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. बायको हसून हसून बेजार झाली. मग हसू आवरून हळू आवाजात म्हणाली, "आईला घेऊन जा ना बरोबर. ती बसेल तिथं ठोक खुंटी. तुझं काम होईल आणि तिलाही जरा वारा लागेल."

सासूबाई त्यांच्याकडं राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. सासरे सायकली दुरुस्त करायचे. एका सकाळी दुकान उघडायला म्हणून उठले आणि चपलेत पाय घालता घालता गेले. तेव्हापासून सासूबाईंची झोप उडाली होती. रात्रभर छताकडं बघायच्या, दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायच्या. समोरचा चहा साय धरून निवून जायचा.

त्यांना बाहेर न्यायचं तर त्यांच्याशी बोलणं आलं, आणि तिथंच भिंगरीची गाडी अडली. त्या त्याला 'जावईबापू' म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. तो त्यांना काहीच म्हणायचा नाही. लग्न झाल्यापासून त्यानं सासूला एकदाही हाक मारली नव्हती. "आई म्हण," असं बायकोनं सांगून पाहिलं होतं. पण तो शब्द त्यानं कधी वापरलेलाच नव्हता. नव्या बुटासारखा तो त्याला चावायचा. काही सांगायचंच झालं, तर सासूबाई समोर असतानाही तो बायकोकडं बघून म्हणायचा, "चहा झालाय म्हणावं." आणि सासूबाईही लेकीकडं बघून म्हणायच्या, "घेते म्हणावं."

तरी दुसऱ्या दिवशी ते दोघं निघाले. तो पुढं, त्या मागं. पहिल्या तळ्याचं वळण आलं आणि सासूबाई एका पडलेल्या झाडावर बसल्या. त्यानं खुंटी ठोकली. हातोड्याचा आवाज पाण्यावरून पलीकडं गेला आणि थोड्या वेळानं परत आला. वळून बघतो तर सासूबाईंचे डोळे मिटलेले, मान कलती, हात मांडीवर उघडा. महिनोन्‌महिने गादीवर न आलेली झोप त्या शेवाळलेल्या ओंडक्यावर आली होती.

त्यांना उठवावं की नाही, त्याला कळेना. उठवायचं तरी काय हाक मारून? तो उभा राहिला. काठच्या पाणकणसाच्या गवतात एक पक्षी बराच वेळ काहीतरी शोधत होता. उन्हाचा कवडसा सासूबाईंच्या पायांवरून सरकत गुडघ्यापर्यंत आला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हे आले होते," त्या म्हणाल्या. शेजारची आली होती असं सांगावं, तितक्या सहज. "तळ्याच्या तळातून सायकल चालवत आले. घंटी वाजवली, तर आवाज नाही, नुसते बुडबुडे वर आले."

"मग?" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय. चष्मा कुठंय म्हणून विचारत होते. म्हटलं, नाकावर आहे. तर म्हणाले, बरं. आणि गेले."

मग रोजचाच नेम झाला. सकाळी वेताची टोपली, त्यात पाव, उकडलेले बटाटे, चहाचा थर्मास. सासूबाई मन मानेल तिथं बसायच्या, आणि त्यांच्या मनाचा काही नेम नसे. कधी सपाट वाटेवर, जिथं कुणी दमायचं कारण नाही, तिथंच टेकायच्या. "इथं पाय दुखले का?" त्यानं एकदा विचारलं, अर्थात झाडाकडं बघून. "पाय नाही दुखले," त्या म्हणाल्या, "पण इथं पाणी एकदम दिसलं. माणूस थांबतोच." तो खुंटी ठोकायचा. त्या झोपायच्या. झोपेत सासरे कधी झाडांच्या शेंड्यांवरून चालत यायचे, कधी नुसताच त्यांच्या हातांना येणारा तेलाचा वास यायचा. एकदा तर म्हणे सगळं तळं गुंडाळून कॅरियरला लावलं होतं आणि विचारत होते, हे कुठं ठेवू. भिंगरी ऐकायचा. वाटेवरून परतताना त्यालाही वाटायचं, की झाडं जरा जागा सोडून उभी आहेत, पाण्यातलं आभाळच खरं आहे आणि आपण त्याच्या कडेनं उलटे चाललोय.

घरी रात्री बायको विचारायची, "काय बोलता रे दोघं?" तो म्हणायचा, "काही नाही. आम्ही काम करतो."

पावसाळा सरला तशी त्यानं खुंट्यांच्या जागी बाकं बसवायला घेतली. फळ्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात रंधून आणायच्या, खड्डे तिथं खणायचे. पानगळीच्या सुमाराला शेवटच्या, सगळ्यात मोठ्या तळ्याकाठचं बाक उभं राहिलं. त्यानं पाठीवरून हात फिरवला, कडेचे खुपणारे ढलपे पटाशीनं काढले आणि हत्यारं आवरायला लागला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बसा जरा."

"नको, ठीक आहे."

"इतकी बाकं केलीत. एकावर तरी बसून बघितलंत का? मी काय, कशावरही बसते. तुम्ही सांगा ना, बरं झालंय का ते."

कामाचा प्रश्न आला म्हणून तो बसला. पाठ टेकली. समोर पाणी काचेसारखं, त्यावर पिवळी पानं, प्रत्येक पानाखाली त्याची सावली. बाकाची पाठ थोडी कलती ठेवली ते बरं झालं, असं काहीसं त्याच्या मनात आलं. पुढचं त्याला आठवत नाही. आतून कुणी विचारलं नाही, बसलास काय.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाण्यावर धुकं धरलं होतं. त्याच्या अंगावर सासूबाईंची शाल होती. सासूबाई नव्हत्या.

आधी त्याला वाटलं, इथंच असतील. बाकामागं पाहिलं, झाडीत पाहिलं, ओहोळापर्यंत जाऊन आला. काठाच्या चिखलात पावलं होती, पण तीही गवतात जाऊन हरवली. धुकं आता काठावर चढत होतं. झाडांची खोडं त्यात बुडाली आणि शेंडे तेवढे वर तरंगत राहिले. हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाक येईना. इतकी वर्षं जे टाळलं ते आता समोर उभं राहिलं. या बाईला हाक मारायची ती काय म्हणून?

"अहो," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "अहो!"

"काय हो?" धुक्यातून उत्तर आलं, पण ते कुणा फिरायला आलेल्या माणसाचं. शिकारी टोपी घातलेले एक आजोबा वाटेवर प्रकटले. "मला बोलावलंत?"

"नाही, तुम्हाला नाही. एक बाई बघितल्या का? म्हाताऱ्या. एकट्या."

"कोण आहेत तुमच्या?"

त्यांना ओलांडून भिंगरी काठाशी पळत गेला. बूट पाण्यात गेले. आणि ज्या आवाजात तो लहानपणीही कधी ओरडला नव्हता त्या आवाजात त्यानं हाक मारली, "आई! आई गं!"

हाक पलीकडं गेली. परत येणारा आवाज तो ऐकत राहिला. पण या वेळी आवाज परत आला नाही, उत्तर आलं.

"ओरडू नकोस रे. इकडं पुलावर ये."

पलीकडच्या काठाला, जिथं तळ्याचं पाणी बाहेर पडतं, तिथं फळ्यांचा छोटा पूल होता. सासूबाई त्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. निम्म्या तळ्याचा काठ त्या एकट्या चालून आल्या होत्या, कुठंही न बसता.

"कुठं गेली होतीस?" तो धापा टाकत म्हणाला. "सांगून जायचं ना. मी काय समजायचं?" बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि कान गरम झाले.

सासूबाई पाण्याकडंच बघत होत्या. "तू इतका गाढ झोपला होतास. उठवावंसं वाटेना. म्हटलं, हा उठेपर्यंत एक चक्कर मारून येऊ." मग पलीकडं बोट करून, "धुकं यायच्या आधी इथून बाक दिसत होतं. तू एवढासा दिसत होतास."

त्यानं शाल त्यांच्या खांद्यावर घातली. परत जाताना दोघं शेजारी चालले, कारण त्या धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. ते आजोबा काळजीपोटी बाकाशी थांबून होते. त्यांना पाहून भिंगरी म्हणाला, "सापडली. आई आहे माझी." आजोबांनी टोपी काढली आणि सासूबाईंना म्हणाले, "पोरगं फार घाबरलं होतं तुमचं."

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मीठ दे रे इकडं." बायकोच्या हातातला डाव हवेतच राहिला. तिनं आईकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मीठ दिलं. खुर्चीत बसून दिलं, हेही तिला दिसलं. पोस्टातल्या बाईला पाकीट न उघडता पुष्कळ कळतं. भाजी वाढताना तिनं ती दोघांना जरा जास्तच वाढली.

बाकं झाली आणि लोक यायला लागले. काहींनी कुरबूर केली, की बाकांमध्ये अंतर सारखं नाही, इथं दोन लागोपाठ आहेत आणि तिथं लांबवर एकही नाही. समितीच्या बाईंनी विचारलं तेव्हा भिंगरीनं सांगितलं, "आमच्या आईच्या हिशेबानं टाकलीत." बाई स्वतः जाऊन आल्या. पहिल्या वळणावरच्या बाकावर बसल्या त्या दुपार कलल्यावर घरी पोचल्या, आणि मग तो विषय त्यांनी काढला नाही.

भिंगरीला लोक अजूनही भिंगरीच म्हणतात, आणि कारखान्यात तो अजून उभ्यानंच चहा पितो. सासूबाईंना गादीवर झोप यायला लागली, तशी स्वप्नं कमी झाली. "ते आता फारसे येत नाहीत," त्या एकदा म्हणाल्या. "चष्मा सापडला असेल." शेजारणींना घेऊन त्या रोज वाटेवर जायला लागल्या. एका बाकाची उंची कमी आहे, उठताना गुडघा धरतो, असं त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी त्यानं ते पायांखाली ठोकळे घालून वर उचललं.

बरीच वर्षं अशी गेली. एका हिवाळ्यात दोघं वाटेवर होते. सासूबाईंनी त्याचा दंड धरला होता, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या बाकाच्या मध्ये त्या थांबल्या.

"ही दोन बाकं लांब लांब झालीत रे हल्ली," त्या म्हणाल्या.

"झालीत खरी," तो म्हणाला. "जमीन सरकत असेल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खांद्यावर फळी आणि हातात पहार घेऊन निघाला. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, माती टणक झाली होती, त्या दोन बाकांच्या मध्ये खड्डा खणेपर्यंत दुपार झाली.