मोटारीच्या प्लगच्या वायरी

परंड्यात आमच्या दादानं एका जहागीरदाराकडून जुनी मोटार घेतली होती. निजामी गेली, तशी त्यांची मोटारीची हौसही संपली असावी. इंजिन दणकट होतं, पण प्लगच्या वायरींचं रबर उन्हानं तडकलं होतं. दादानं सोलापुराहून नव्या वायरीचं वेटोळं आणलं होतं, ते बसवायला मात्र त्याला सवड मिळाली नव्हती.

मी तेव्हा माहेरी आले होते. वहिनीचे दिवस भरायला अवकाश होता, तरी एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटावर हात फिरवून पाहिलं आणि मूल पायाळू आहे, बार्शीच्या दवाखान्यात न्या, म्हणाली. बस निघून गेली होती. आम्ही वहिनीला मोटारीत बसवलं. मोटार चालू झाली, गचके खात वेशीपर्यंत गेली आणि बंद पडली.

दादानं बॉनेट उघडलं. मी हँडल मारलं, तर तडकलेल्या वायरींतून निळ्या ठिणग्या इंजिनावर उडताना दिसल्या. त्यानं मला घरी पिटाळलं. मी वेटोळं आणलं, आणि तोडायला काही सापडेना म्हणून आईचा अडकित्ताही उचलून आणला. जुन्या वायरी दादा एकदमच उपटायला निघाला.

मागून वहिनी शांतपणे म्हणाली, "घाई करू नका. एकेक बदला. कुठली कुठं होती ते चुकलं, तर इथंच बसावं लागंल."

दादानं मान हलवली. एक वायर काढायची, तिच्या मापाची नवी मी तोडून द्यायची, ती त्याच जागी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. कळ आली की वहिनी सीटची कड घट्ट धरायची. आम्ही दोघं थांबायचो, ती "हं" म्हणाली की पुन्हा कामाला लागायचो.

शेवटची वायर बसली. मी हँडल मारलं आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. दादा स्टिअरिंगवर कपाळ टेकून क्षणभर बसला. बार्शीपर्यंत एकही गचका बसला नाही.

दिवेलागणीला नर्सबाई बाहेर आल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं त्यांनी सांगितलं. दादा आत धावला, तर आधी ते हात धुऊन या, म्हणून त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. नळाशी तो साबण घासत राहिला, आणि ग्रीस काही निघेना म्हणून आम्हाला दोघांनाही हसू आवरेना.