मुडशिंगीचा वाघ, सिंह आणि खेचर

तात्यामामांचा फोन आला आणि मी सुटी टाकली. तात्या म्हणजे बायकोचे मामा, गडमुडशिंगीचे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे बायकोच्या आजोबांनी, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात वाघ मारला, म्हणून सरकारनं त्यांना वाघाचं पदक दिलं, ही कथा मी लग्नापासून प्रत्येक पंगतीत ऐकत आलोय. आता गावातल्या जुन्या सैनिकांसाठी शिळा बसणार होती आणि प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ आणि एक चित्र कोरायचं होतं. मला जुनी पदकं जमवायचा नाद, त्यामुळे फर्मान सुटलं, "जावईबापू, या आणि वाघ पक्का करून द्या."

ही २००६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. स्वारगेटहून पहाटेची एसटी धरलीत तर दुपारच्या आत कोल्हापूर. रस्ता आता चौपदरी झालाय, पण कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या सगळ्यांना सबुरी शिकवतात. उतरल्यावर स्टँडजवळ मिसळ खाल्ली. वाढप्यानं विचारलं, "कट आणू?" ती तिखट तर्री मी नको म्हणालो. "पुण्याचं व्हय?" एवढंच म्हणून तो गेला. पुढे गावासाठी शहर बस मिळते. कंडक्टरला नुसतं "मुडशिंगी" म्हणा, पूर्ण नाव घेतलंत की तुम्ही परके.

तात्यांनी चहाच्या आधी पदक हातात दिलं. एका बाजूला राजाचा मुकुट घातलेला चेहरा. दुसऱ्या बाजूला एक दणकट जनावर, पायाखाली दोन डोक्यांचा अक्राळविक्राळ प्राणी.

"हाय का न्हाय वाघ?" तात्या म्हणाले.

"तात्या, वाघ मारला आजोबांनी. मग पदकावर वाघच कसा जिंकलाय?"

 मला हसू आवरेना, पण पुढचं सांगणं भागच होतं. "आणि ही आयाळ बघा. हा सिंह आहे, इंग्रजांचा. खालच्या दोन डोक्यांपैकी एक गरुडाचं, एक ड्रॅगनचं. म्हणजे पश्चिमेचा आणि पूर्वेचा शत्रू. युद्धात नोकरी केलेल्या लाखो जणांना हे मिळालंय. शिकारीशी याचा संबंध नाही."

तात्या उठून घरामागच्या परड्यात गेले. मला वाटलं, झालं, सासुरवाडी तुटली.

तेवढ्यात चुलीपुढून आक्का बोलल्या. आक्का तात्यांच्या थोरल्या बहीण. "बरं झालं पावणं, बोललासा. तुम्हाला बोलवा म्हणून मीच त्याच्या मागं लागल्ते. वाघ त्यानं लहानपणी शाळंत पोरांना सांगिटला. आमचं आबा लढाईवरनं घरी आलं तवा त्यो एवढासा व्हता, मला कळत व्हतं. भावाला खोटं कसं पाडू? पण दगडावर खोटं नगं."

"मग आजोबा काय करायचे तिथे?"

"खेचरं हाकायचं. दारूगोळा खेचरांच्या पाठीवर जायचा. शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांचा आवाजच काढून टाकल्याला, गळ्यात कापून. आबांचं खेचर तोंड उघडायचं, आवाज न्हाय. एकदा नदीत वाहून गेलं, तवाबी तोंड उघडंच, आबा काठावर. आमची म्हैस रात्रंदिवस हंबरायची, शेजारी वैतागायचं. आबा म्हणायचं, वरडू द्या तिला."

तात्या दारातच उभे होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. ते आत आले, पदक उचललं आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"आबांनी मला का न्हाय सांगिटलं?"

"तू वाघ मागत हुतास की," आक्का म्हणाल्या.

 जेवताना तात्यांनी पांढरा रस्सा तीनदा घेतला. मग हात धुऊन ते मला शिळा घडवणाऱ्या पाथरवटाकडे घेऊन गेले. "यादीतला वाघ काट. खेचर काढ." पाथरवट दचकला. "तात्या, लोक गाढव म्हणतील." तात्या ओरडले, "म्हणू देत! म्या सांगीन त्यास्नी!"

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो. शिळा बसल्यावर बायको आजोळी लग्नाला जाऊन आली. म्हणाली, खेचराचे कान जरा आखूड झालेत, येणारा जाणारा घोडाच म्हणतो, आणि तात्या प्रत्येकाला थांबवून नदीपर्यंतची सगळी हकीकत ऐकवतात. तेवढ्या ठिकाणी त्यांचा आवाज खाली येतो म्हणे.

माझ्याकडच्या पदकांवर सिंह आहेत, गरुड आहेत, राजाचा घोडाही आहे. ओझं वाहणारं जनावर एकही नाही. इतकी वर्षं ही पदकं भिंगातून बघतोय, पण मला ते कधी खटकलं नव्हतं.