पाटीवर नसलेले वसंतराव

चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली वसंतराव पेंटर एकतीस वर्षं बसले. माणूस तंजावरी मराठी, काम पाट्या रंगवण्याचं. जुन्या मालकाशी त्यांची बोली साधी होती: भाडं द्यायचं नाही, त्याबदल्यात प्रवेशद्वारातली भाडेकरूंची पाटी राखायची. टायपिंगचा क्लास गेला, ट्रॅव्हल एजन्सी आली. कापडवाला गेला, आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आलं. दर वेळी वसंतराव जुनं नाव पुसत आणि नवं तमिळ-इंग्रजीत काढत. त्यांच्याइतका या इमारतीचा इतिहास कुणालाच ठाऊक नव्हता.

सहा वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टर कल्पनाबाई आल्या, तेव्हा पाटीवर जागाच उरली नव्हती. या भल्या माणसानं शेवटच्या ओळीतलं स्वतःचंच नाव पुसलं! मी चिडले, तर म्हणाले, "त्यांस शोधत पेशंट येतात, ताई. मी इकडे असतो म्हणून सर्वांस ठाऊक." याला कुणी चांगुलपणा म्हणो, मी शुद्ध वेडेपणा म्हणते.

यंदा इमारत विकली गेली. नवे मालक उदयसिंह ती पाडून नवी बांधणार. पाटीवर ज्यांचं नाव, त्यांना नव्या इमारतीत जागा. बाकीच्यांनी महिन्याभरात निघायचं. वसंतरावांकडे ना पावती, ना करार. उदयसिंहांनी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" ज्यानं ती पाटी रंगवली, त्यालाच हे विचारायचं!

माझं डोकं फिरलं. मीच अर्ज लिहिला: वसंतराव एकतीस वर्षं इथे आहेत, आम्ही साक्षीदार आहोत. तो घेऊन दारोदार फिरले. कल्पनाबाई म्हणाल्या, "आहेत हो ते, पण सही नको. मालकाशी वाकडं कशाला?" ट्रॅव्हलवाल्यानंही तोच सूर लावला. सगळे एकाच माळेचे मणी! तणतणत आमच्या साहेबांकडे गेले. त्यांनी अर्ज वाचला, परत दिला आणि म्हणाले, "यामिनी, नोकरी हवी आहे ना?"

मी सही केली नाही.

तसाच अर्ज घेऊन खाली गेले. वसंतरावांनी तो सावकाश वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला. "तुम्हांस घर चालवायचं आहे, ताई. मला राग नाही."

तेवढा संताप मला उदयसिंहांचाही आला नव्हता, जेवढा तेव्हा माझा स्वतःचा आला.