पयलं माझ्यावर!

आर्किटेक्ट अण्णा हुक्केरींच्या ऑफिसात पावणा आला, की चहाआधी टेबलावर वीट यायची. "धरा हातात. जड लागती? मग बसा, आपलं जमल." आवाज असा, की अण्णा उचगावात खाकरले तर कागलच्या म्हशी माना वर करायच्या. त्यांची ड्रॉइंगं मी काढायचो, तेव्हा यातलं निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात काचेची साथ आली. चपलांच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत जो तो इमारतीला निळी काच लावत सुटला. त्यातच गूळ व्यापाऱ्यांच्या संस्थेनं आपल्या नव्या ऑफिसचं काम अण्णांना दिलं. अण्णांनी दर्शनी भिंत उघड्या विटांची केली. वर विटा वीतभर पुढं आलेल्या, मध्ये जाळी, तळाला खोल कमान आणि सगळी भिंत गुळाच्या ढेपा रचल्यासारखी फुगलेली.

अध्यक्ष बापूसाहेब भडकले. "अण्णा, हे हापिस हाय का वीटभट्टी? प्लास्टर मारा, वरनं काच लावा. न्हायतर काम दुसऱ्याला!"

"काचंत मासं ठेवत्यात, बापूसाहेब. माणसं न्हाय."

दुसऱ्या दिवशी गवंडी माल कालवून हजर. बघतात तर अण्णा भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बांबूच्या परांचीवर, भिंतीला पाठ लावून बसलेले. "मारा की प्लास्टर! पर पयलं माझ्यावर!" गवंडी थाप्या टाकून चहाला गेले. खाली एवढी गर्दी लोटली, की भेळवाल्याच्या दोन पोरींच्या लग्नांचा खर्च त्या एका दिवसात निघाला.

बापूसाहेबही हट्टाला पेटले. "बघतोच किती वेळ बसताय!" म्हणत त्यांनी कमानीत खुर्ची टाकली. मे महिना. रस्त्यावरचं डांबर काकवीसारखं पातळ झालेलं. कमानीत मात्र गार सावली आणि वाऱ्याची झुळूक. तासाभरात बापूसाहेब असे घोरायला लागले, की मागून ट्रक आला समजून रिक्षावाल्यांनी बाजू दिली.

वरून अण्णा गरजले, "अध्यक्ष, उठा की! प्लास्टर मारायचं हाय न्हवं?"

बापूसाहेबांनी डोळेही उघडले नाहीत. "गप बसा हो अण्णा. आत्ताच डोळा लागलाय."

भिंत राहिली.

पुढच्या दशकात अण्णा गेले. वर्ष सरायच्या आत नव्या संचालकांनी भिंत झाकायला चकचकीत पत्रे मागवले. मी भाकरी बांधून, परांचीवर चढायच्या तयारीनंच धावलो. बघतो तर म्हातारे बापूसाहेब कमानीत खुर्ची टाकून, काठी आडवी धरून बसलेले.

"लावा पत्रं! पर पयलं माझ्यावर!"

मी शेजारी टेकलो. दुपारी बापूसाहेबांचं घोरणं सुरू झालं. पत्रेवाल्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा रस्त्यावरच्या उन्हाकडं, आणि पत्रे बाहेर तापत ठेवून तेही कमानीत आडवे झाले.