कोरियातल्या देवळाची घंटा

नवऱ्याच्या मानेत गाठ आली तेव्हा हाउसआर्ट्सनी, म्हणजे इथल्या, आइंडहोवनच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितली. मी भांडले तेव्हा कुठे हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट मिळायच्या नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीने मला आइंडहोवनहून कोरियात मशीन बसवायला धाडलं. मी जायला तयार नव्हते. "इथे बसून काय करणार? नखं खाणार," नवरा म्हणाला.

रिपोर्टच्या दिवशी दुपारनंतर काम नव्हतं. हॉटेलात जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून टॅक्सी करून डोंगरातल्या जुन्या बुद्धमंदिरात गेले. शेकडो वर्षांचं लाकूड, छताला हिरवी-तांबडी नक्षी, धुपाचा वास. मी बघत होते फोनकडे. आइंडहोवनला आता सकाळ झाली होती.

नवऱ्याचा फोन आलाच. "अजून बाहेरच बसवलंय. तू कुठे?"

"देवळात."

"मग घंटा वाजव की! देवाला कळायला नको कोण आलंय ते?"

एरवी मी त्याला झापलं असतं. पण घंटा समोरच होती, उघड्या मंडपात, माझ्याहून उंच, आणि शेजारी ती वाजवायला साखळ्यांनी आडवा टांगलेला ओंडका. एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने मी तो जोरात ढकलला.

सगळा डोंगर घुमला. "बापरे! थांब, मला आत बोलावतायत," म्हणत नवऱ्याने फोन ठेवला. इकडे राखाडी कपड्यांतले एक म्हातारे भिक्खू धावत आले. ती घंटा ठरल्या वेळी फक्त भिक्खूच वाजवतात, हे त्यांनी हातवारे करून मला चांगलंच सुनावलं. मी कान पकडले. त्याचा अर्थ त्यांना कुठून कळणार!

मी तशीच उभी असताना पुन्हा फोन वाजला.

"साधी गाठ आहे. काही नाही."

मी पायरीवर बसून हमसून हमसून रडले. भिक्खूंचा चेहराच उतरला. आपण रागावलो म्हणून बाई रडली, असं वाटून ते लगबगीने आत गेले आणि गरम चहाचा पेला घेऊन आले. वर माझ्यापुढे हात जोडून वाकले. "तुमच्यामुळे नाही हो," मी चक्क मराठीत सांगत राहिले.

"कोणाशी बोलतेयस?" फोनमधून नवरा विचारत होता. मी सगळं सांगितलं. तो खो खो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. इतक्या दिवसांत तो एकदाही रडला नव्हता.

"चहा पी आधी," तो कसाबसा म्हणाला, "गार होईल."